आपापलं काम सोडून

फिल्मच्या कोर्समधल्या शेवटच्या फिल्मसाठी मॅडमनी एकच नियम घातला. आजवर जे काम केलंय, ते कुणीही करायचं नाही.

"दिग्दर्शकाने कॅमेरा धरावा, कॅमेरावाल्याने आवाज सांभाळावा, काय वाटेल ते करा," त्या म्हणाल्या. "फक्त ज्या कामात हात बसलाय त्याला हात लावायचा नाही. कोण काय करणार ते उद्या सकाळी मला सांगा. भांडून ठरवलंत तरी चालेल. रडून नको."

बाकीचे गट वर्गातच भांडायला बसले. हे चौघं कँटीनमध्ये गेले, खिडकीजवळच्या डुगडुगणाऱ्या टेबलाशी. त्यांच्यात भांडण होण्याचा प्रश्नच नव्हता. दोन वर्षं एकत्र फिल्म करून चौघं एकमेकांना इतकं जपत होते, की समोरच्याचा चहा थंड झाला तरी सांगायला संकोचायचे.

बुवा हा त्यांचा कायमचा दिग्दर्शक. दाढी राखलेली, आवाज भरदार. "पाणी दे" म्हणाला तरी ऐकणाऱ्याला प्रवचनाला बसल्यासारखं वाटायचं. चिमणी कॅमेरा करायची. उंचीला एवढीशी, पण चांगली चौकट मिळणार असेल तर कपाटावर, गाडीच्या टपावर, कुठंही चढून बसायची. पैलवान आवाज घ्यायचा. तो इतका काटकुळा होता की माइकचा दांडा धरून उभा राहिला की दांड्यानेच त्याला धरलंय असं वाटे.

आणि चौथी काकू. बावीस वर्षांची मुलगी, पण पहिल्याच आठवड्यात तिच्या पिशवीतून सेफ्टी पिना, डोकेदुखीची गोळी, जादा बॅटरी आणि सुईदोरा निघाला, आणि नाव पडलं ते पडलं. प्रॉडक्शन तिचं. गाडी कुठून येणार, परवानगी कुणाकडून घ्यायची, जेवणाचे डबे किती, कुठल्या वॉचमनला आधी नमस्कार करायचा आणि कुठल्याला आधी चहा पाजायचा, हे सगळं तिच्या डोक्यात असे. कुणी विचारलंच, तुला काय करायचंय, तर तिचं उत्तर ठरलेलं: "मला काहीही चालेल."

यावेळी चालणार नव्हतं. एका मोठ्या कंपनीला प्रॉडक्शनसाठी माणूस हवा होता आणि मॅडमनी तिचं नाव सुचवलं होतं. शूटिंगनंतरच्या सोमवारी उत्तर द्यायचं होतं. नोकरी चांगली होती, वर्गातल्या कुणीही डोळे झाकून हो म्हटलं असतं. पण एकदा त्या दारातून आत गेलं की लोक जन्मभर आपल्याला डबे किती मागवायचे तेवढंच विचारत राहणार, हे काकूला दिसत होतं. हो म्हणण्याआधी तिला एक गोष्ट जाणून घ्यायची होती. आपल्याला दुसरं काही येतं, की आपण खरंच फक्त काकू आहोत?

"मी आवाज घेते," चिमणी म्हणाली. "हेडफोन घालून बसायचं, कुणाशी बोलायचं नाही. स्वर्ग."

"ए, आवाज म्हणजे नुसतं हेडफोन घालून बसणं वाटलं तुला?" पैलवान दुखावला.

"मग काय असतं?"

"कळेल. पंखा बंद कर म्हणून लोकांच्या पाया पडशील तेव्हा कळेल. मी कॅमेरा घेतो. तेवढंच जरा उभं न राहता बसायला मिळेल."

"बसायला?" आता चिमणी दुखावली.

बुवाने दोन्ही हात वर करून त्यांना गप्प केलं. "उरली दोन माणसं आणि उरली दोन कामं. मी दिग्दर्शन करायचं नाही, काकूने प्रॉडक्शन करायचं नाही. म्हणजे गणित आपोआपच सुटलं."

"थांब," काकू म्हणाली. "उरलंय म्हणून नको. मला दिग्दर्शन करायचंय. गोष्ट आहे माझ्याकडे."

तिघंही तिच्याकडे बघत राहिले. कुणाच्या तरी तोंडून "मला करायचंय" ऐकणं त्यांना नवं नव्हतं. तिच्या तोंडून होतं.

"मग मगाशीच का नाही बोललीस?" बुवाने विचारलं.

"आत्ता बोलले ना."

गोष्ट साधी होती. एक निवृत्त माणूस परदेशी मुलाकडे जायचं म्हणून पासपोर्टचा फोटो काढायला येतो. फोटोग्राफर सांगतो, हसू नका, हसरा चेहरा चालत नाही. आणि या माणसाला तर हसूच आवरत नाही, कारण तो मुलाकडे निघालाय. पाच-सहा वेळा प्रयत्न होतात. मग केव्हातरी एकदा हसू थांबतं. चेहरा नियमात बसतो आणि फोटो निघतो.

"का थांबतं?" पैलवानने विचारलं.

"ते अजून माहीत नाही," काकू म्हणाली. "पण थांबतं."

बुवा काहीतरी बोलणार होता. त्याने दाढीवरून हात फिरवला आणि पहिल्यांदाच मनातलं मनातच ठेवलं. "प्रॉडक्शनची तू काळजीच करू नकोस," एवढंच तो म्हणाला. "सगळं चोख होईल."

त्या आठवड्यात बुवाने खोलीची किल्ली हरवली होती, मग ती शोधताना चष्मा. काकूने तोंडभर हसून मान हलवली आणि काळजी तशीच घरी घेऊन गेली.

घर म्हणजे मामाचं. शिकायला आल्यापासून ती मामा-मामीकडेच राहत होती. बाहेरच्या खोलीतला सोफा रात्री तिचा पलंग व्हायचा. मामा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. दिवसभर उंच इमारतींच्या पोटात लोंबकळून आला की हातपाय धुऊन आरशासमोर उभा राहायचा आणि मिशांना पीळ द्यायचा. झुपकेदार, दोन्ही बाजूंना वर गेलेल्या मिशा. मामी म्हणायची, "लग्नात मला आधी मिशा दाखवल्या, नवरा नंतर."

"तुमच्या त्या बुवाला माणूस मिळाला का काम करायला?" मामाने ताटावर बसता बसता विचारलं. भाचीच्या प्रत्येक फिल्मची त्याला खडान्‌खडा माहिती असे.

"मिळाला म्हणतोय. एक निवृत्त मास्तर आहेत, नाटकात कामं केलेले."

"म्हणतोय म्हणजे?"

"म्हणजे... बुवा आहे ना तो. मास्तरांना तारीख सांगितली असेल, तर वेळ सांगायची राहिली असेल." काकूने चमचाभर भाजी वाढून घेतली, मग सहज बोलल्यासारखं बोलून गेली, "मामा, ऐनवेळी कुणी आलंच नाही, तर तू येशील?"

मामाचा घास हातातच राहिला. "मी?"

"नुसतं बसायचं आणि हसायचं. तसा माझ्या डोक्यातला माणूस सफाचट दाढीमिशीचा, बँकेतून निवृत्त झालेला वगैरे आहे, पण चालेल. येणारच आहेत मास्तर. आपलं एक म्हणून ठेवते."

"हसायचं," मामा मामीला म्हणाला, "ऐकलंस का? नुसतं हसायचं."

"मग तर तुम्ही गेलातच," मामी म्हणाली.

एकदा सुरुवात झाल्यावर काकूला थांबता येईना. दुसऱ्या दिवशी तिने सामानासाठी एक गाडी सांगून ठेवली, बुवाची आली नाही तर असावी म्हणून. जाता जाता फोटो स्टुडिओच्या इमारतीत डोकावून तिथल्या सेक्रेटरीकडून परवानगी घेतली, बुवा विसरला तर असावी म्हणून. डबेसुद्धा सांगितले. बुवाला यातलं काहीच सांगितलं नाही, कारण त्याला वाईट वाटलं असतं. आपण नियम मोडतोय हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण हे काम नव्हेच, ही तर सवय आहे, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

शूटिंगच्या दिवशी स्टुडिओला साप्ताहिक सुट्टी होती. रस्त्यालगतच्या इमारतीतली तळमजल्यावरची जागा. बाहेर काउंटर, मग एक अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला फोटोची खोली. आत निळा पडदा, फिरवून वरखाली होणारं स्टूल, दोन दिवे आणि दोऱ्याला बांधलेल्या कंगव्यासह एक आरसा. गिऱ्हाइकांसाठी खुंटीला टांगलेला काळा कोट सगळ्या मापांच्या माणसांना थोडा थोडा चुकीचा बसेल असा होता. स्टुडिओवाले स्वतःच फोटोग्राफरचं काम करणार होते. "हसू नका" हे वाक्य ते दिवसातून इतक्या वेळा म्हणायचे की त्यांना पाठांतराची गरज नव्हती.

काकू पोचली तेव्हा दारात दोन गाड्या एकमेकींची वाट अडवून उभ्या होत्या आणि दोन ड्रायव्हर एकमेकांना, सामान माझं आहे, असं सांगत होते.

"ही कुणाची?" बुवाने विचारलं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गळ्यात, आयुष्यात पहिल्यांदा, किल्ल्यांचा जुडगा अडकवला होता.

काकू काही बोलायच्या आत सेक्रेटरी जिन्यावरून खाली आले. "अहो, परवानगी एकदा घ्यायची असते. आधी हे दाढीवाले येऊन गेले, मग या बाई. मला वाटलं दोन सिनेमे आहेत."

बुवाने काकूकडे बघितलं. काकूने बुटांकडे बघितलं.

"डबेही?" बुवाने हळूच विचारलं.

"डबेही."

"मी सगळं केलं होतं गं," बुवा म्हणाला. आवाजात प्रवचन उरलं नव्हतं. "एकही गोष्ट विसरलो नाही. रोज झोपताना घोकत होतो."

तेवढ्यात आतून आरडाओरडा ऐकू आला, म्हणून दोघं धावले.

फोटोच्या खोलीत पैलवान कॅमेऱ्याशी उभा राहून ओरडत होता. "मी काल तासभर बसून सगळं लावलं होतं. हे कुणी बदललं? ही चौकट माझी नाही. ही चांगली आहे!"

"थोडंच हलवलं," चिमणी म्हणाली. "तू मास्तरांचं डोकं कापलं होतंस."

"मुद्दाम कापलं होतं! आणि तू स्टुडिओत आलीस कधी?"

"आणि हे काय मग?" चिमणीने निळ्या पडद्यामागून एक छोटा रेकॉर्डर उपसून काढला. तो चालू होता, वर चिकटपट्टी लावून लपवलेला. "माझ्या आवाजावर भरवसा नव्हता, तर तोंडावर सांगायचंस."

"ते आपलं एक म्हणून ठेवलं होतं," पैलवान पुटपुटला.

काकूने ते शब्द ओळखले.

मास्तर आरशासमोर बसले होते. वयस्कर, ताठ कण्याचे, सफाचट दाढी. भांडण संपायची त्यांनी शिस्तीत वाट बघितली, मग काकूला म्हणाले, "नमस्कार. माझी तयारी पूर्ण आहे. हसू थांबतं तेव्हा आधी उजवा हात छातीशी, मग नजर हळूहळू खाली, मग एक आवंढा. बरोबर ना?"

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"यांनी." मास्तरांनी बुवाकडे बोट केलं. "रोज संध्याकाळी घरी येऊन तालीम घेत होते. फार तळमळीचा मुलगा."

आता बुवाने बुटांकडे बघितलं.

"बुवा," काकू म्हणाली, "ते का थांबतं हे मलाच माहीत नव्हतं. आणि तू मास्तरांना आवंढा शिकवलास?"

"तू म्हणालीस ना, माहीत नाही. म्हटलं, ऐनवेळी अडशील. म्हणून..." चौघंही एकमेकांकडे बघत होते. चोरी करताना चौघं पकडले गेले होते आणि प्रत्येकाचा चोर आपल्यातलाच निघाला होता. पहिल्यांदा चिमणीला हसू फुटलं, मग पैलवानला. बुवा हसला नाही, पण दाढी हलली.

"काय माणसं आहोत आपण," चिमणी म्हणाली. "मॅडमना कळलं तर चौघांना नापास करतील."

नेमका तेव्हा मामा दारात उभा राहिला.

काकूने त्याला क्षणभर ओळखलंच नाही. कोऱ्या शर्टातला एक गृहस्थ, अंगाने मामासारखा, पण नाकाखाली भलतीच मोठी मोकळी जागा. त्या जागेची कातडी बाकीच्या चेहऱ्याहून गोरी होती. तो हात वर न्यायचा, काही सापडायचं नाही, हात खाली आणायचा.

"तू निघाल्यावर न्हाव्याकडे जाऊन आलो," मामा म्हणाला. "बँकेतला वाटतो की नाही? तुझी मामी अजून ओळखत नाहीये. म्हणाली, घरात शिरलात तर शेजाऱ्यांना हाक मारीन."

"मामा, मी म्हटलं होतं, कुणी आलं नाही तर..."

"हो, हो. म्हटलं, आपण तयार असावं. सुट्टीच टाकली." मग त्याला आरशासमोरचे मास्तर दिसले. "अच्छा. हे आले वाटतं."

मास्तर उठून उभे राहिले. अशा वेळी उठावं की बसावं, हे त्यांना कळेना, म्हणून अर्धवटच उभे राहिले.

"सोपं आहे," पैलवान म्हणाला. "दोघांना घेऊ. दोन गिऱ्हाइकं. एक आधी येतो, एक नंतर."

"भाऊभाऊ करू," चिमणी म्हणाली. "दोघं मुलाकडे निघालेत."

बुवाही मान डोलवत होता. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. काकूच्या ओठांवर "काही हरकत नाही" येऊनच ठेपलं होतं. दोन वर्षं तिने हेच केलं होतं. कुणी उपाशी जाता कामा नये, कुणी उभं राहता कामा नये. आलेल्या माणसाला बसायला खुर्ची द्यायची, नसेल तर आणायची. गोष्टीतही एक खुर्ची सरकवली की झालं.

"नाही," ती म्हणाली. "माणूस एकच आहे. दोघांचंही करून बघू. मग मी ठरवीन."

आधी मास्तर बसले. स्टुडिओवाले म्हणाले, "हसू नका," आणि मास्तर जे हसले ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. स्वच्छ, मोठं, खणखणीत हसू. मग ते थांबलं. उजवा हात छातीशी, नजर खाली, आवंढा. थांबलं हे खरं, पण स्टूलवरचा माणूस थांबला नव्हता. त्याला थांबवणारा बुवा होता.

मग मामा. खुंटीवरचा कोट त्याच्या खांद्यांना आखूड पडला. तो ताठ बसला, हात गुडघ्यांवर.

"हस ना, मामा."

"असं कसं हसू? कशाला?"

"मुलाकडे निघालायस."

"मला मुलगा कुठाय?"

पैलवान कॅमेऱ्यामागे खोकला. काकू कॅमेऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली. "चिमणी, तयार? पैलवान? बुवा, बाहेरचं दार लाव. आता सगळे गप्प." आणि खरंच सगळे गप्प झाले. तिच्या एका शब्दासाठी खोलीभर माणसं श्वास रोखून उभी होती.

मामाने ते बघितलं. त्याचा चेहरा आधी डोळ्यांपाशी उजळला, मग गालांपाशी, मग झाकायला मिशा नसल्यामुळे सगळाच उघडा पडला. इतकं हसू त्या चेहऱ्यात होतं हे काकूला घरात राहूनही ठाऊक नव्हतं. चिमणीने हेडफोनवर हात दाबून धरला. बुवा दाराशीच थबकला.

"छान. आता थांब," काकू म्हणाली.

मामा थांबला नाही.

"मामा, आता हसायचं नाही."

"थांबतो, थांबतो." त्याने ओठ आवळले. ते पुन्हा सुटले. "अगं, कसा थांबू? तू तिथं उभी राहून हुकूम सोडतेस, आणि हे सगळे ऐकतायत तुझं!"

ती दिव्यामागे जाऊन उभी राहिली. मामाने मान वाकडी करून तिला शोधलं. ती पडद्याआड गेली. "कुठं गेलीस?" मामा हसतच म्हणाला. तिने पुन्हा करून बघितलं, पुन्हा बघितलं. मामाचं हसू घरातल्या नळासारखं होतं, कितीही पिळा, गळतच राहायचं. ते सुंदर होतं. आणि गोष्टीला जे हवं होतं ते त्यात नव्हतं.

ती मामाला बोळात घेऊन गेली. हे काम पूर्वी तिने दुसऱ्यांसाठी अनेकदा केलं होतं. नको असलेल्या माणसाला चहा पाजून गोड बोलून वाटेला लावायचं. त्या वेळी सांगायला एक वाक्य हाताशी असायचं: दिग्दर्शकाचं मत पडलं, माझ्या हातात काही नाही.

"मामा, मी तुला घेत नाहीये."

"या शॉटमध्ये?"

"फिल्ममध्येच."

मामाचं हसू गेलं नाही लगेच. बातमी पोचायला वेळ लागावा तसं थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं. "जमलं नाही का मला?"

"हसणं जमलं. तसं कुणालाच जमणार नाही. थांबणं नाही जमलं. मला थांबणारा माणूस हवाय."

"पुन्हा एकदा करू का? घट्ट ओठ मिटून?"

"नको, मामा."

मामाने कोट काढला, नीट घडी घालायला लागला, मग तो खुंटीवरचा आहे हे आठवून नुसताच हातावर टाकला. "सगळ्यांना सांगून बसलोय गं. कामावर, खालच्या दुकानात."

"मी तुला तसं सांगायलाच नको होतं. माझं चुकलं. पण आता तुला वाईट वाटेल म्हणून घेतलं, तर ती फिल्म माझी राहणार नाही."

"वाईट तर वाटलंच," मामा म्हणाला. "वाटणार नाही का?" त्याने तिच्याकडे बघितलं, आणि मग कोट तिच्या हातात दिला. "जा तू. आत सगळे खोळंबलेत."

ती वळली. दोन पावलं गेल्यावर तिने मागे बघितलं. मामाला वाटलं होतं, ती गेली. तो बोळात एकटाच उभा होता, समोरच्या भिंतीकडे तोंड करून, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कुणीही न सांगता, कुठलाही हात छातीशी न जाता, आपलं आपणच उतरत होतं. समोर कुणी नव्हतं. हसायचं कुणाकडे बघून?

काकू तशीच उभी राहिली. मग धावत आत गेली.

"फोटोग्राफर बाहेर जातो," ती म्हणाली. "त्याला काउंटरवर कुणीतरी हाक मारतं, तो 'आलोच' म्हणतो आणि जातो. बस. पुढं काही नाही. माणूस स्टूलवर एकटा राहतो. पैलवान, कॅमेरा एकदाच लाव आणि सोडून दे. मास्तर, हात छातीशी नाही. आवंढा नाही. काहीच करायचं नाही. हसा, हे बाहेर जातील, तुम्ही त्यांची वाट बघा."

"किती वेळ?" मास्तरांनी विचारलं.

"मी दार उघडेपर्यंत."

"आणि नजर? नजर कुठं ठेवू?"

"जिथं जाईल तिथं."

मास्तरांनी बुवाकडे बघितलं. बुवाने क्षणभर दाढी चोळली. त्याच्या आठवडाभराच्या तालमीचं बघता बघता काही उरलं नव्हतं. "त्या म्हणतात तसं, मास्तर," तो म्हणाला.

"आम्ही कुठं उभं राहायचं?" चिमणीने विचारलं.

"बाहेर. सगळ्यांनी."

"तूसुद्धा?"

"मी खोलीत असेन तर ते माझ्यासाठी हसतील."

"अगं, पण तुला दिसणार कसं? आपल्याकडे बाहेर बघायला मॉनिटर नाही." पैलवानचा आवाज चढला. "माझा फोकस थोडा चुकला असला तर? आयुष्यात पहिल्यांदा लावतोय मी!"

"मग चुकेल," काकू म्हणाली. "तू लावलायस ना? झालं तर. चिमणी, तू हात लावायचा नाहीस."

चिमणीने दोन्ही हात खिशात घातले.

सगळं मांडून झालं. पैलवानने कॅमेरा चालू केला आणि पाय न वाजवता बाहेर आला. स्टुडिओवाल्यांनी आत मास्तरांना शेवटचं "हसू नका" ऐकवलं आणि मास्तर हसले. बाहेरून बुवाने हाक मारली, स्टुडिओवाले "आलोच" म्हणाले आणि बोळात आले. दार त्यांच्यामागे लागलं.

अरुंद बोळात माणसं एकामागे एक उभी होती. चिमणी जमिनीवर बसली होती, दाराच्या फटीतून आलेली वायर तिच्या कानापर्यंत गेलेली. पैलवान नखं खात होता. बुवाने गळ्यातला जुडगा वाजू नये म्हणून मुठीत दाबून धरला होता. मामा गेला नव्हता, बोळाच्या तोंडाशी उभा होता. रस्त्यावरून कुणी काउंटरपाशी आलं की तोंडावर बोट ठेवून त्याला परत पाठवत होता. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आतलं हसू दारातून ऐकू येत होतं. मोठं, खणखणीत, शेवटच्या रांगेचं. मग जरा लहान. मग मास्तरांनी घसा खाकरल्याचा आवाज आला. मग पुन्हा हसू, आता अर्ध्या वाटेवर थांबलेलं, कुणी येतंय का ते बघणारं.

मग काहीच नाही.

"मामांनाही जमलं असतं हे," बुवा अगदी तिच्या कानाशी कुजबुजला.

"मामा उठून बाहेर आला असता. विचारायला."

"आलोच असतो," मामा बोळाच्या तोंडाशी पुटपुटला, आणि चिमणीने डोळे वटारले तसा गप्प झाला.

काकूचा हात दाराच्या कडीवर होता. आत काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, आणि आता काही सांगताही येणार नव्हतं. फोकस चुकला असेल. मास्तरांनी हात छातीशी नेला असेल, किंवा ते आरशात बघून भांग पाडत बसले असतील. तिने चिमणीकडे बघितलं. चिमणीने डोळे मिटले होते आणि डोकं किंचित पुढं झुकवलं होतं. दुसऱ्याचं फार खासगी असं काही ऐकताना माणूस करतो तसं. मग तिने हळूच कानावरचा हेडफोन काढून काकूसमोर धरला. घे, ऐक.

काकूने मान हलवून नको म्हटलं.

"कट म्हण की," पैलवानने ओठांनीच सुचवलं.

तिने दुसरा हात वर केला. बोळातली सगळी माणसं त्या हाताकडे बघत राहिली. डबे किती, हे आता तिला कुणी विचारत नव्हतं.

"अजून नाही," काकू म्हणाली.